झिंग्याच्या बीजाची शेपटी दरवर्षी पांढरी पडते अन् आठ दिवसांत हौद रिकामा होतो: आधी काय तपासायचं

मौदा तालुक्यात माझं वीस गुंठ्याचं तळं आहे, बाजूला सिमेंटचा नर्सरी हौद, दहा मीटर बाय चार मीटर, पाणी मीटरभर. लागोपाठ तीन सीझन मी त्यात स्कॅम्पीचं, म्हणजे गोड्या पाण्यातल्या मोठ्या झिंग्याचं, बीज (लहान पिल्लं) आणलं आणि तिन्ही वेळा पिल्लांच्या शेपट्या दुधासारख्या पांढऱ्या झाल्या. पहिल्या वर्षी अर्धं बीज वाचलं, दुसऱ्या वर्षी जवळपास काहीच नाही, तिसऱ्या वर्षी तर पाचव्या-सहाव्या दिवशी हौदाच्या तळाला पांढरा थर साचला होता आणि मी झारीनं तो काढत बसलो होतो. आता कुही, रामटेक, पार भंडाऱ्याकडूनही लोक फोन करून हेच विचारतात की भाऊ दरवर्षी असं काहून होते, कोणतं औषध टाकू. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय, थोडं लांबलंय पण पूर्ण वाचा, कारण औषधाच्या प्रश्नात शिरलं की इथंच फसायला होतं, मी फसलो.

पहिले हे समजून घ्या की पांढरी शेपटी म्हणजे एकच आजार नाही. दोन एकदम वेगळ्या गोष्टी सारख्या दिसतात. एक म्हणजे ताणामुळं मांस पांढरं पडणं, प्रवासात ऑक्सिजन कमी झाला, पाणी तापलं, पीएच एकदम बदलला, जास्त हाताळलं की पिल्लाचं स्नायू धुरकट होतं. ते लवकर सावरलं तर परत पारदर्शक होतं. दुसरी म्हणजे व्हाइट टेल डिसीज, हा व्हायरसचा आजार, तो सावरत नाही. माझं पहिल्या वर्षीचं प्रकरण पहिल्या प्रकारचं होतं. मी मे महिन्यात बीज आणलं होतं, नागपूरचा मे म्हणजे काय ते सांगायला नको, हौदावर साधी शेडनेट सुद्धा नव्हती, दुपारी पाणी हाताला गरम लागायचं. शेपट्या पांढऱ्या दिसल्या म्हणून दुकानदारानं दिलेली पावडर टाकली, त्याच दिवशी शेडनेट बांधली आणि एअरेटर लावला, चार दिवसांत निम्मी पिल्लं ठीक झाली. मला वाटलं पावडरीनं झालं. खरं काम सावलीनं आणि हवेनं केलं होतं. हा गैरसमज मला पुढची दोन वर्षं महागात गेला, कारण पुढं खरा व्हायरस आला तेव्हाही मी पावडरच टाकत बसलो आणि हौदातलं बीज तळ्यात सोडून दिलं, म्हणजे आजार स्वतःच्या हातानं तळ्यात नेला.

तर व्हायरस कोणता. एमआरएनव्ही नावाचा नोडाव्हायरस, त्याच्यासोबत एक्सएसव्ही नावाचा अजून छोटा उपग्रह व्हायरस (दुसऱ्या व्हायरसच्या आधारानं वाढणारा) बहुतेक वेळा सापडतो. पहिला साधारण २७ नॅनोमीटरचा, दुसरा १५ चा. १९९७ साली कॅरिबियनमधल्या ग्वादेलूप बेटावर हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला, भारतातल्या हॅचरीतला त्याचा शोधनिबंध २००४ चा आहे. म्हणजे २० वर्षांपेक्षा जास्त काळ आपल्याकडे आहे, आपल्याच तळ्यात उगवलेलं काही नवीन नाही. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या यादीतही हा आजार आहे. आणि औषध नाही. अँटिबायोटिक व्हायरसवर चालत नाही, वरून झिंग्यात त्याचा अंश राहिला तर माल विकताना त्रास, आणि हौदातले चांगले जिवाणू मरून पाणी बिघडते ते वेगळंच.

घरच्या घरी फरक कसा ओळखायचा

एक, वय बघा. व्हाइट टेल पिल्लांना मारतो, अळ्या, पोस्टलार्व्हा (अळीतून नुकतंच झालेलं पिल्लू) आणि अगदी लहान झिंगे. मोठ्या झिंग्यात व्हायरस असला तरी तो झिंगा सहसा मरत नाही, नुसता बाळगतो. तुमच्या तळ्यात पन्नास ग्रॅमचे झिंगे पहाटे पांढरे पडून मरत असतील तर पहिले ऑक्सिजन मोजा, तिथं व्हायरसच्या मागं लागू नका. (मोठ्या झिंग्यात जिवाणूमुळंही मांस पांढरं पडल्याच्या नोंदी आहेत, त्याची तपासणी वेगळी.)

दोन, पांढरेपणा कसा चालतो ते बघा. व्हायरसमध्ये तो शेपटीकडून सुरू होतो आणि पुढं पोटाच्या स्नायूत, मग डोक्याकडं सरकतो, वाढलेल्या केसमध्ये शेपटीचा पंखा झिजल्यासारखा दिसतो. ताणात डाग कुठंही असतात आणि ताण झाल्यावर बऱ्याच पिल्लांना एकदमच दिसतात, नंतर रोज नवीन नवीन पिल्लं पांढरी होत नाहीत. व्हायरसमध्ये पहिल्या दिवशी दहा-बारा, दुसऱ्या दिवशी शंभर, मग मोजणं सोडा. पहिलं पांढरं पिल्लू दिसल्यापासून साधारण पाचव्या दिवशी मर सगळ्यात जोरात असते, आणि बऱ्याचदा पाच-सात दिवसांत जवळपास सगळं संपतं.

तीन, ही खूण मला सगळ्यात उपयोगी पडली आणि कोणी सांगत नाही. रात्री टॉर्च घेऊन हौदावर जा आणि टाकलेली कात बघा. आजारी हौदात कात खूप जास्त तरंगते आणि ती नेहमीसारखी नसते, अभ्रकाच्या पापुद्र्यासारखी चमकते. तिसऱ्या वर्षी मला हे पांढऱ्या शेपट्या दिसायच्या आदल्या रात्री दिसलं होतं, मी समजलो पिल्लं जोरात वाढताहेत म्हणून कात टाकताहेत, आनंदच झाला होता.

चार, बादलीची टेस्ट. पांढरी दिसणारी वीस-तीस पिल्लं वेगळ्या टबात घ्या, बोअरवेलचं एकदम ताजं पाणी नको, आदल्या दिवशी भरून हवा दिलेलं घ्या, २८ डिग्रीच्या आसपास ठेवा, बारीक एअर स्टोन लावा, गर्दी करू नका, झाकून ठेवा. ताण असेल तर २४ ते ४८ तासांत बरीच पिल्लं सुधारतात. पांढरेपणा पुढं सरकत गेला आणि मरत राहिली तर व्हायरस धरून चाला. हा काही लॅबचा पुरावा नाही, पण लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत बीज तळ्यात सोडायचं की नाही हे ठरवायला एवढं पुरतं. टबाचं पाणी नंतर हौदात परत टाकायचं नाही.

सँपल पाठवताना मी केलेल्या दोन चुका

दुसऱ्या वर्षी मी मेलेली पिल्लं बर्फात घालून दीड दिवसानं दिली. रिपोर्ट निगेटिव्ह. या व्हायरसचं जनुक आरएनए आहे आणि आरएनए मेलेल्या, सडायला लागलेल्या सँपलमध्ये फार लवकर तुटतं, म्हणजे निगेटिव्ह आला याचा अर्थ आजार नाही असा होत नाही, सँपल खराब होतं असाही होतो. तिसऱ्या वर्षी कोणीतरी फॉर्मलीनमध्ये ठेवा म्हणालं. फॉर्मलीन पीसीआरसाठी (व्हायरसचं जनुक शोधायची टेस्ट) चालत नाही.

बरोबर पद्धत अशी, जिवंत पण आजारी दिसणारी पिल्लं, सोबत दिसायला चांगली असलेलीही थोडी, सरळ ९५ टक्के अल्कोहोलमध्ये टाकायची, पिल्लं एक भाग तर अल्कोहोल दहा भाग. सॅनिटायझर नाही, दारू नाही. बाटलीवर तारीख, बीज कधी आलं, हौदाचं नाव. आणि लॅबला स्पष्ट सांगायचं की एमआरएनव्ही आणि एक्सएसव्ही साठी आरटी-पीसीआर पाहिजे. हे सांगणं फार गरजेचं आहे कारण बऱ्याच कोळंबीच्या लॅबमध्ये खाऱ्या पाण्याच्या कोळंबीचेच आजार रोज तपासतात, नुसतं झिंगा तपासा म्हटलं तर व्हाइट स्पॉटचा रिपोर्ट हातात येतो. नागपुरात कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल तर तेलंगखेडीच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात जाऊन विचारा, टेस्ट तिथं होते का बाहेर पाठवावी लागेल ते आधी विचारून मगच सँपल काढा.

किती पिल्लं द्यायची? १५०. हा आकडा हवेतला नाही. लाखभर बीजात दोन टक्के जरी लागण असली तरी ती सापडण्याची ९५ टक्के खात्री पाहिजे असेल तर साधारण दीडशे पिल्लं तपासावी लागतात. दहा पिल्लं देऊन निगेटिव्ह आला तर त्याला काही अर्थ नाही. आधीच सगळीकडे मर चालू असेल तर मात्र दहा-वीस आजारी पिल्लंही पुरतात.

पण दरवर्षी परत का येतो

आता मुद्द्याचं. मी तीन वर्षं तळ्यात कारण शोधत होतो, माती बदलू का, पाणी बदलू का, खाद्य बदलू का. पहिल्या वर्षीचा ताण सोडला तर कारण बीजाच्या पिशवीत होतं.

स्कॅम्पी जरी गोड्या पाण्यात वाढत असला तरी त्याच्या अळीला पहिले निमखारं पाणी लागतं, साधारण १२ पीपीटी (लिटरला १२ ग्रॅम मीठ), त्यात ती अकरा अवस्था पार करते आणि मग पोस्टलार्व्हा होऊन गोड्या पाण्यात येते. म्हणून हॅचऱ्या बहुतेक किनाऱ्यावर, आणि आपण विदर्भातले लोक बीज शेकडो किलोमीटरवरून आणतो. हा व्हायरस आईकडून अंड्यातून पिल्लात जातो. अंडीवाली मादी धडधाकट दिसते, तिच्यात काहीच लक्षण नाही, पण तिची हजारो पिल्लं लागण घेऊनच जन्मतात, मग त्याच हॅचरीच्या पाण्यातून ती बाकीच्यांना लागते, अळ्यांना खायला घालतात तो आर्टेमिया नावाचा बारीक जीवही व्हायरस बाळगू शकतो. आणि हॅचरीवाला मादी कुठून आणतो? बऱ्याचदा शेतकऱ्यांच्या तळ्यातून. म्हणजे गेल्या वर्षी आजारातून वाचलेल्या झिंग्यातूनच. बघा, चक्र पूर्ण झालं. देशात २००५-०६ च्या आसपास स्कॅम्पीचं उत्पादन ४० हजार टनांच्या वर गेलं होतं आणि नंतर काही वर्षांत ते पार कोसळलं, त्याला वाढ खुंटणं, बाजार अशी कारणं होतीच पण खराब मादी आणि आजारी बीज हेही एक मोठं कारण होतं.

मी तिन्ही वर्षं एकाच ठिकाणाहून बीज घेतलं. तिथले लोक फोनवर गोड बोलायचे, रिपोर्टही पाठवायचे, नाव घेत नाही. तिसऱ्या वर्षी तो रिपोर्ट नीट वाचला तेव्हा दिसलं की तो व्हाइट स्पॉटचा आहे आणि तारीख दोन महिने आधीची. म्हणजे माझं बीज तेव्हा जन्मलंही नव्हतं. चूक माझीही होती, मी फक्त निगेटिव्ह हा शब्द वाचला होता.

म्हणून बीजाची ऑर्डर देताना आता मी हे विचारतो: रिपोर्टवर एमआरएनव्ही लिहिलंय का, तारीख माझ्या बॅचची आहे का, टाकीचा नंबर आहे का, किती पिल्लं तपासली, आणि माद्या तपासल्या का. मादी न मारता तिच्या पोटाखालच्या पोहायच्या पायाचा तुकडा घेऊन टेस्ट होते, त्यामुळे मादी मरेल म्हणून तपासली नाही हे उत्तर ऐकून घेऊ नका. डोळे आणि यकृतासारखा जो अवयव असतो, हेपॅटोपॅन्क्रियाज, ते मात्र या टेस्टला चालत नाहीत. उत्तर टाळलं तर ऑर्डर नाही. जमलं तर दोघा-तिघांनी मिळून एकाच टाकीचं बीज बुक करा आणि १५० पिल्लं आधी मागवून टेस्टचा खर्च वाटून घ्या, एका गाडीच्या भाड्यापेक्षा ते नक्की परवडतं.

बीज आल्यावर

थेट तळ्यात सोडू नका. कितीही घाई असू द्या. तीन आठवडे नर्सरी हौदात ठेवा, माझ्या चाळीस चौरस मीटरच्या हौदात मी तीस हजारांच्या वर घालत नाही. आजार आत असेल तर तो याच काळात बाहेर पडतो, आणि हौद रिकामा करणं तळं रिकामं करण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे. मे मध्ये आणू नका, पाऊस लागून पाणी ३० च्या आसपास आलं की आणा, आपल्याकडे जून शेवट ते जुलै. पिशव्या अर्धा तास हौदात तरंगू द्या, मग हौदाचं पाणी थोडं थोडं पिशवीत घालत सोडा. तापमान आणि पीएचचा झटका बसला की आत दबून असलेला आजार उसळतो, नवीन येत नाही पण असलेला वर येतो, म्हणून पहिल्या मोठ्या पावसानंतर आणि बीज आल्यावर तीन दिवस हौदावर जास्त लक्ष.

हौदाची जाळी, बादली, झारी, हात धुवायचं टमरेल सुद्धा वेगळं. माझ्या हौदाचा हापा (पिल्लं ठेवायची जाळीची पेटी) आणि तळ्याचा हापा एकच होता, तीन वर्षं. हौदावर वरून बारीक जाळी लावा. पाणभुंगेरे, मोठे पाणढेकूण, चतुराच्या अळ्या यांच्यात प्रयोगशाळेत हा व्हायरस जाऊन टिकलेला दिसला आहे, आणि पाणभुंगेरे-पाणढेकूण रात्री लाइटवर उडत एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जातात. हौदावर रात्रभर बल्ब चालू ठेवायची सवय असेल तर बंद करा.

लागलाच तर

नर्सरीत पॉझिटिव्ह आला तर बीज वाचवायच्या मागं लागू नका. हे लिहिताना मला अजूनही जड जातं, तीस हजार जीव आणि पैसे, पण पाणी आजिबात बाहेर सोडू नका, तिथल्या तिथं ब्लीचिंग पावडर टाका. ६० पीपीएम म्हणजे एका घनमीटरला ६० ग्रॅम, माझ्या हौदाला २.४ किलो. पावडर ताजी पाहिजे, उघड्या गोणीतली जुनी पावडर म्हणजे नुसती माती. बादलीत कालवून वाऱ्याच्या दिशेनं, तोंडाला मास्क, हातात ग्लोव्हज, लेकरांना लांब ठेवा. मेलेली पिल्लं खड्ड्यात चुना टाकून पुरा. क्लोरीन उडून जाईपर्यंत पाच-सात दिवस उन्हात ठेवा, किटनं तपासा, मगच पाणी सोडा. नाल्यात तर कधीच नाही, आपले नाले पुढं कन्हान-वैनगंगेला जातात, तिथं आपल्या नदीतला देशी झिंगा आहे आणि त्यावर जगणारे ढिवर बांधव आहेत.

ब्लीचिंग आणि चुना एकाच दिवशी टाकू नका. चुन्यानं पीएच चढतो आणि चढलेल्या पीएचला क्लोरीनचा जोर कमी होतो. आधी ब्लीचिंग, ते उडालं की मग चुना. हे मी उलटं केलं होतं, दोन्ही एकत्र, डबल असर होईल म्हणून.

तळ्यात पोचला असेल तर गोष्ट वेगळी. जी पिल्लं पंधरा दिवस टिकली ती बहुतेक जगतात आणि विकण्याएवढी वाढतात, त्यांना मारायची गरज नाही, माणसाला या व्हायरसचा काही धोका नाही, माल खायला ठीक आहे. फक्त तो झिंगा कायमचा वाहक समजा. दुसऱ्या तळ्यात हलवू नका, शेजाऱ्याला जिवंत देऊ नका, आणि हॅचरीचा एजंट अंडीवाल्या माद्या चांगल्या भावानं मागायला आला तर देऊ नका. मला ऑफर आली होती, त्या वेळी दिल्याही, आता त्याचं वाईट वाटतं. मी आता सगळा माल डिसेंबरातच काढतो, तसंही थंडीत पाणी उतरलं की आपल्याकडे झिंगा खाणं सोडतो आणि जास्त थंडी पडली तर मरतोही.

काढणी झाल्यावर पाणी फूटभर ठेवून ब्लीचिंग टाका, भरलेल्या तळ्याला टाकणं परवडत नाही. माझं तळं साधारण दोन हजार चौरस मीटर, १.२ मीटर पाण्याला १४४ किलो लागेल, तेच फूटभर पाण्याला ३६ किलोत होतं. मग पूर्ण सुकवा. इथं आपलं ऊन कामी येतं, मार्च-एप्रिलमध्ये काळी माती अशी भेगाळते की पाय जाईल, तेवढी भेगाळू द्या, खड्ड्यात कुठं डबकं राहू देऊ नका कारण त्यात चार झिंगे जगले तरी पुढच्या बीजाला तेच लागण देतात. सुकल्यावर कळीचा चुना, हेक्टरी हजार किलोच्या हिशोबानं मी २०० किलो टाकतो. प्लास्टिक अस्तराचं शेततळं असेल तर भेगा पडायचा प्रश्नच नाही, तिथं घड्या आणि कोपरे ब्रशनं घासून ब्लीचिंगनं धुवावे लागतात, घडीत अडकलेला गाळ मी एका शेतकऱ्याकडे जुलैपर्यंत ओला पाहिला आहे.

आत्ता माझ्या हौदात दुसऱ्या ठिकाणचं बीज आहे, १५० पिल्लांची टेस्ट करूनच उचललं. आज अठरावा दिवस. रोज रात्री टॉर्च घेऊन कात बघतो, साधी आहे, मऊ, खाली बसते, चमकत नाही. एकवीस झाले की तळ्यात.